रांगला की, घरभर

तोंगशि
२३ फेब्रुवारी

युवेन,

फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवले तर पोचत नाहीत. शेजारच्या ग्योककाकूच्या सुनेनं माझा फोन हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "काका, ताईंनी तुम्हाला ब्लॉक केलंय." तेव्हा आता हे पत्र. तिकिटं आणायला टपाल कचेरीत गेलो तर तिथली मुलगी विचारते, "ग्वानकाका, पत्र? कोणी गेलं की काय?" म्हटलं, अजून नाही, पण माझ्या मुलीनं मला जिवंतपणी पोचवलंय.

ह्याच महिन्यातलं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात, पोटभर जेवतात, संध्याकाळी पिशव्या भरून परत जातात. सगळ्या गावात हेच चाललं होतं. तू मात्र भरल्या ताटावरून उठलीस आणि पोराला, आ-यानला, अनवाणी गाडीत बसवून निघून गेलीस. त्याच्या चपला मागून मी खिडकीतून दिल्या. आणि कशावरून, तर ग्योककाकू बोलली म्हणून. ती बाई साठ वर्षं बोलतेय, कुणी मनावर घेत नाही. आ-यानच्या डोक्यावरून हात फिरवत ती एवढंच म्हणाली, "ह्या राजाचे गुडघे कधी जमिनीला लागलेच नाहीत! आजोबाच्या, आगोंगच्या पाठीवरून चाकांच्या खेकडागाडीत, आणि गाडीतून थेट चालायलाच लागला. एक दिवस रांगला नाही, एवढा हुशार!" आपल्याकडे ह्याला कौतुक म्हणतात.

तू माझ्याकडे बघितलंस. मी माशाचे काटे काढत होतो.

मान्य, आ-यानला वर्गात नीट बसता येत नाही म्हणून तू त्याला ज्या केंद्रात नेलंस, तिथून नोव्हेंबरात फोन केला होतास. "बाबा, आ-यान रांगला होता ना? इथल्या बाई विचारतायत." मी म्हटलं, "रांगला की, घरभर." उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं. मी तेव्हा कालवं वाढवायच्या दोरीत शिंपले ओवत होतो, हात चिखलात, फोन खांद्यात धरलेला. सात वर्षांपूर्वी कोण रांगलं आणि कोण नाही, हे कोणाच्या लक्षात राहतं?

त्याला खोकला होता. थांबला का ते कळव.

बाबा

८ मार्च

युवेन,

तुझं पत्र आलं. सात ओळी. वाचायला चष्मा लागला नाही, एवढ्या दाबून लिहिल्या आहेस.

पुन्हा इथे उतरवतो, म्हणजे मला काय ऐकवलंस ते तुलाही दिसेल. "तुमच्या शब्दावर मी केंद्रात 'रांगला' असं लिहून दिलं. शरीराची अडचण नाही, म्हणजे हट्टच असणार, असं मला वाटलं. महिन्याभरात केंद्रात नेणं बंद केलं आणि शिकवणी लावली. अक्षर ओळीबाहेर गेलं की मी त्याच्या हातावर पट्टी मारत होते. नव्या वर्षापर्यंत. बाबा, त्याला ते जमतच नव्हतं आणि मी त्याला मारत होते. आता काही लिहू नका."

लिहू नका म्हणालीस तरी लिहितो. पट्टी मी मारली? आम्हाला गुरुजी बांबूच्या काठीनं मारायचे, आमचं काय वाईट झालं? आणि पोरगं खुर्चीवरून घसरतं, फळ्याकडे बघितलं की पेन्सिल भलतीकडे जाते, घंटा वाजली की दचकून हात वर फेकतं, ह्याचा सात वर्षांपूर्वीच्या रांगण्याशी काय संबंध? लहानपणी तो दचकायचा तेव्हा मी त्याचा सदरा घेऊन समुद्रदेवीच्या देवळात जायचो. तिथल्या बाई सदऱ्यात तांदळाची वाटी गुंडाळून भीती उतरवून द्यायच्या आणि पोरगं रात्रभर शांत झोपायचं. पैसे घ्यायच्या नाहीत आणि चार पानांचा फॉर्म भरायला लावायच्या नाहीत.

आणि आता विचारतोच. पाच महिन्यांचं पोर माझ्या दारात ठेवून कोण गेलं? नवरा व्हिएतनामच्या कारखान्यात, तू ताइचुंगच्या ऑफिसात. शनिवारी यायचीस, रविवारी जायचीस. स्वतःचं पोर रांगतं की नाही हे आईला म्हाताऱ्याकडून फोनवर का विचारावं लागतं?

बाबा

९ मार्च

युवेन,

कालचं पत्र उघडू नकोस.

सकाळी टपाल कचेरी उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. मुलीला म्हटलं, पेटीतून माझं पत्र काढून दे. ती म्हणाली, "काका, पेटी कालच रिकामी झाली. गाडी गेली ताइचुंगला." म्हटलं, फोन कर गाडीला. ती हसली, मग माझं तोंड बघितलं. तिनं मला पेला भरून गरम पाणी दिलं.

उघडलं असशील तर शेवटचा परिच्छेद वाचू नकोस. वाचला असशील तर, युवेन, ते खरं नाही. तू दर रविवारी संध्याकाळी बसच्या खिडकीतून तोंड फिरवून बसायचीस. मला दिसायचं.

बाबा

५ एप्रिल

युवेन,

थडगी साफ करायचे दिवस. आज साडेसातला विळा घेऊन आईच्या थडग्यावर पोचलो. दरवर्षी तू दहाला येतेस, म्हणून म्हटलं तोवर गवत काढून ठेवू. तर गवत आधीच कापलेलं. उदबत्त्यांची राख हाताला गरम लागली. ताइचुंगहून एवढ्या सकाळी पोचायचं म्हणजे तू चारला निघाली असशील, पोराला झोपेतून उचलून. फक्त मला टाळायला.

मातीच्या ढिगावर कागदाच्या पट्ट्या लावल्या होत्या. वरच्या अंगाला तुझ्या, सरळ, एकेका लहान दगडाखाली. खालच्या अंगाला वेड्यावाकड्या पट्ट्या आणि प्रत्येकीवर नारळाएवढा दगड. ते आ-यानचं काम. वाऱ्यानं काही उडून जाईल ही त्याला पहिल्यापासून धास्ती. एवढे दगड त्यानं ओढ्याकडून आणले असणार. तू त्याला थांबवलं नाहीस, हे बरं केलंस.

मी तिथे बसलो. घरी काय करायचं होतं जाऊन? मला त्याची आठवण येते, युवेन. त्याच्या मानेला तेलकट वास यायचा त्याची येते. "आगोंग, हे बघ, आगोंग, हे बघ" असं दिवसातून शंभरदा म्हणायचा त्याची येते. आणि तुझी येते. तू रागावलीस की आईसारखी नाकपुडी उडते तुझी, तीसुद्धा बघायला चालेल.

आता त्या गोष्टीचं. तो रांगला नाही. मी त्याला खाली सोडलंच नाही. आपलं अंगण तुला माहीत आहे. कालवं फोडून टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग फाटकापासून ओट्यापर्यंत, आणि प्रत्येक शिंपल्याची कड सुरीसारखी. घरात झाडलं तरी चपलांबरोबर तुकडे येतात. तुला आईनं नवव्या महिन्यात खाली सोडलं होतं. डाव्या गुडघ्याचा व्रण अजून आहे, बघ. त्या दिवशी दवाखान्यात तू जशी ओरडलीस ते मी विसरलो नाही. म्हणून आ-यानला पाठुंगळीला बांधला. पाठीवर कंटाळला की खेकडागाडीत घालायचो, चार चाकांवर उभा राहून पायानं ढकलत घरभर आडवातिडवा पळायचा. अकराव्या महिन्यात चालला. पहिल्या वाढदिवसाला कासवाच्या आकाराच्या लाल केकवर सगळ्यांची पोरं धरून उभी करावी लागतात, हा स्वतः चढला. गाव बघत होतं. मी छाती काढून उभा होतो.

तू फोनवर विचारलंस तेव्हा मला सगळं आठवत होतं. दोरी, चिखल, हे मी फेब्रुवारीत लिहिलं ते निमित्त. "इथल्या बाई विचारतायत" म्हणालीस तिथेच मला कळलं की माझ्या कौतुकाचं आता काहीतरी भलतं निघणार. म्हणून खोटं बोललो.

कारण शिंपले. एवढंच होतं.

बाबा

२७ एप्रिल

युवेन,

तू चिडशील. परवा मी ताइचुंगला येऊन गेलो.

नोव्हेंबरात तूच केंद्राचा पत्ता पाठवला होतास, तो फोनमध्ये होता. पहाटेची बस, मग च्याईहून गाडी. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून डबाभर ताजी कालवं बर्फात घालून नेली. दारातल्या मुलीनं वेळ ठरवलीय का विचारलं. म्हटलं, आ-यानचा आजोबा आहे. वेळ नाही, पण कालवं आहेत. तिला काय करावं कळेना. शेवटी तुला रांगण्याचं विचारणाऱ्या त्या श्यू बाई बाहेर आल्या. मला वाटलं होतं कोणी जाडजूड डॉक्टरीण असेल. ही तुझ्याहून लहान, केस कापलेले, पायात मोजेसुद्धा नाहीत.

"आजोबा, मुलाविषयी मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. आईची परवानगी लागते."

"सांगू नका. मी सांगायला आलोय. तो रांगला नव्हता. मी खोटं बोललो होतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "हे त्याच्या आईला सांगितलंत?"

"तिला कळलं. मी सांगितलं नंतर, पत्रात."

"मग आत या. चपला इथे काढा. कालवं फ्रिजमध्ये ठेवते."

आत नुसत्या गाद्या. मला एका गादीवर बसवलं. मी म्हटलं, आ-यानचं नको, पण कुठल्याही मुलाचं तर सांगाल? ती हसली. मग ती "कुठलंही मूल, कुठलंही मूल" म्हणत राहिली आणि मी आ-यान ऐकत राहिलो.

मूल जन्माला येताना काही हालचाली बरोबर घेऊन येतं, म्हणाली. कोणी शिकवत नाही. मोठा आवाज झाला की दोन्ही हात फेकतं. मान एका अंगाला वळवली की त्या अंगाचा हात आपोआप लांब होतो. आणखी थोडं मोठं झालं की मान खाली घातल्यावर हात दुमडतात आणि पाय ताठ होतात. बाळाला ह्या सगळ्याची गरज असते. पुढे पोटावर पडून, सरपटून, रांगून, पडून-झडून त्या हालचाली मागे पडतात आणि हात-पाय मुलाच्या ताब्यात येतात. काही मुलांच्या त्या पुरत्या मागे पडत नाहीत. मग मूल वर्गात बसतं. फळ्याकडे मान वळवली की पेन्सिलीचा हात सुटतो. वहीत मान घातली की पाय ताठ होऊन खुर्चीवरून घसरतं. म्हणून ते खुर्चीच्या पायाला पायांचा विळखा घालून बसतं. घंटा झाली की सगळ्या अंगानं दचकतं. त्याची सगळी ताकद नुसतं जागेवर राहण्यात जाते, धड्यासाठी उरतच नाही. "आणि मोठी माणसं म्हणतात, नीट बस."

मी म्हटलं, मीपण म्हणायचो.

"सगळेच म्हणतात," ती म्हणाली.

मग तिनं मला हात-गुडघ्यांवर उभं केलं, टेबलासारखं. माझं वय अडुसष्ट, गुडघे असे वाजले की दारातली मुलगी डोकावून गेली. "आता मान डावीकडे वळवा. सावकाश." वळवली. उजवा कोपर वाकला.

"बघा!" मी म्हटलं. "माझंसुद्धा राहून गेलंय!"

"आजोबा, तुमचा खांदा दुखतोय."

"तो दुखतोच. चाळीस वर्षं समुद्रातून दोऱ्या ओढल्यात."

ती इतकी हसली की खाली बसली. मग मी मुख्य गोष्ट विचारली. म्हटलं, म्हणजे हे माझ्यामुळे झालं. ती हसायची थांबली. म्हणाली, "तसं कोणीच सांगू शकत नाही. न रांगता छान शिकलेली मुलं आहेत. घरभर रांगून वर्गात घसरणारीही आहेत. आम्ही करतो त्यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमतसुद्धा नाही. जमिनीवर काम केलं की काही मुलांना सोपं जातं, एवढं मी बघितलंय. त्याहून जास्त मी सांगितलं तर ते खोटं ठरेल."

युवेन, मी एवढ्या लांब गेलो तो निकाल घ्यायला गेलो होतो. दोषी म्हणाली असती तर मान खाली घालून घरी आलो असतो. निर्दोष म्हणाली असती तर तुला दाखवलं असतं. दोन्ही मिळालं नाही.

निघताना विचारलं, आता वय गेलं का? "नाही गेलं. रोज थोडं, सावकाश. ओरडायचं नाही. आणि मोठ्या माणसानं सोबत असायचं."

"मी बाजूला खुर्ची घेऊन बसेन."

"खुर्ची नाही. खाली."

नंतर तुझ्या इमारतीपर्यंत आलो होतो. समोरच्या दुकानात चहा घेतला, मग अजून एक घेतला. तुमच्या गॅलरीत त्याचा शाळेचा शर्ट वाळत होता. बाह्या केवढ्या लांब झाल्या आहेत. साडेचारला तुम्ही दोघं कोपऱ्यावरून आलात. त्याचं दप्तर तुझ्या खांद्यावर होतं आणि तो पायरीच्या कडेवरून तोल सांभाळत चालत होता. तू थांबून त्याची वाट बघत होतीस, घाई करत नव्हतीस. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण तू बोलावलं नव्हतंस.

बाबा

१२ मे

युवेन,

आज मातृदिन. शेजारी सगळ्यांच्या लेकी-सुना आल्या आहेत. मी दार लावून बसलोय. जेवण झालं आहे, काळजी करू नकोस. करत असशील तर.

ग्योककाकू सकाळी केकचा तुकडा द्यायला आली. म्हणाली, "ग्वानभाऊ, ती चटई मी दिली होती ना पोरासाठी, जाड फोमची, ती असेल तर द्या. सुनेच्या बाळाला हवी." मी दारामागून काढून दिली. तिच्यावर सात वर्षं मी भोपळे ठेवत आलोय. तिनं धूळ झटकली आणि म्हणाली, "अहो, ही तर कोरी आहे!"

हो. कोरी आहे.

तेव्हा शिंपल्यांचं कारण आजपासून सांगणार नाही. आतल्या खोलीत ती चटई अंथरली असती तर पोर दिवसभर रांगलं असतं, एक ओरखडा आला नसता. ग्योककाकूनं स्वतः अंथरून दाखवली होती. ती गेल्यावर मी गुंडाळून ठेवली.

आई गेली तेव्हा आ-यान तीन महिन्यांचा होता. तू त्याला आणून ठेवलंस तेव्हा पाच. त्या मधल्या दोन महिन्यांत मी कसा राहिलो ते तुला सांगितलं नाही. समुद्रावर जायचो नाही. भात एकदाच करायचो आणि तीन दिवस खायचो. संध्याकाळी दिवा लावायला कंटाळा यायचा, कारण दिवा लावला की घर रिकामं दिसायचं. मग तू आलीस, पोर पाठीला बांधून दिलंस, गाठ कशी मारायची दाखवलंस आणि गेलीस. त्या दिवशी त्याचं गरम पोट माझ्या पाठीला लागलं आणि मला रडू आलं. तो पाठीवर होता म्हणून त्याला दिसलं नाही.

तो पाठीवर असला की मी माणसांत असायचो. बाजारात जायचो, कालवं फोडायचो, तुझ्या आईला सांगायचो तसं त्याला सगळं सांगायचो. खाली ठेवला की पाठीला वारा लागायचा. ते मला सहन होत नव्हतं. तो खाली उतरायला धडपडायचा, युवेन. सातव्या-आठव्या महिन्यात पाय झाडायचा, जमिनीकडे हात करायचा. मी गाठ आणखी आवळायचो आणि गाणं म्हणायचो. खेकडागाडीतही घालायचो, पण रांगू दिला नाही. रांगणारं पोर पुढच्या खोलीत जातं, दाराबाहेर जातं. गाडीला मी उंबऱ्याशी फळी लावून ठेवली होती.

तो त्याच्यासाठी पाठीवर नव्हता. माझ्यासाठी होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. ग्योककाकूनं हुशारी म्हटलं, मी हुशारी म्हणू दिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशी तुझ्या त्या फोनपासून मला खवखव आहे.

श्यू बाई म्हणते, ह्यामुळेच झालं असं कोणी सांगू शकत नाही. सांगू नये. पण त्याला खाली उतरायचं होतं आणि मी उतरू दिलं नाही, एवढं तर मी सांगू शकतो. मी तिथे होतो.

आणि पट्टीचं. तू त्या हातांवर मारलंस ते माझा शब्द खरा मानून मारलंस. तुला झोप येत नसेल तर माझ्यावर चिडून जागी राहा, स्वतःवर चिडून नको. त्याला एकदा सांग की आईची चूक झाली. लहान पोरं ऐकून घेतात, आपल्यापेक्षा बरी असतात. मला ते साठी उलटल्यावर जमतंय, तेही कागदावर.

बाबा

१२ जून

युवेन,

तुझं पत्र ड्रॅगन-होड्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी आलं. मी बांबूच्या पानांत चिकट भात बांधत होतो, हात तसेच पुसून उघडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं "५ जुलै" दिसलं. मग ग्योककाकूला हाक मारली आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता.

तुझ्या सगळ्या अटी मान्य. दहा दिवस. रोज पंधरा मिनिटं, श्यू बाईंच्या कागदावर दाखवलेल्या चित्रांप्रमाणे. ओरडायचं नाही, लाडीगोडीनं साखर खायला घालायची नाही, कुणासमोर "हा आमचा न रांगलेला" म्हणायचं नाही. संध्याकाळी सात वाजता तुझा फोन, फक्त "झाला का" विचारायला. आणि शेवटची अट, की एकदा जरी खोटं सांगितलं तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन. ती दोनदा अधोरेखित केली आहेस. एकदा केली असतीस तरी चाललं असतं.

"माफ केलेलं नाही" असंही लिहिलं आहेस. ठीक आहे.

अंगणातले शिंपले चार दिवस उपसतोय. खताच्या कारखान्याची गाडी येऊन नेते. आतली खोली धुतली, नवीन चटई आणली. रोज सकाळी मी स्वतः रांगून बघतो, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. काल ग्योककाकूनं खिडकीतून बघितलं. म्हणाली, "ग्वानभाऊ, दात पडले, रांगायला लागलात, आता चार महिन्यांच्या बाळासारखा लाळ पुसायचा विधी करू का तुमचा? गळ्यात बिस्किटांची माळ घालते!" म्हटलं, घाल, पण बिस्किटं मऊ आण.

तिला काय सांगू? खाली गुडघ्यांवर आलं की घर केवढं मोठं दिसतं. टेबलाखालून दार दिसतं, दारातून रस्ता. ह्या सगळ्याकडे तो हात करत होता.

अजून तेवीस दिवस.

बाबा

९ जुलै

युवेन,

फोनवर "झाला का" एवढंच बोलायचं ठरलंय, म्हणून बाकीचं लिहितो.

शुक्रवारी तू फाटकाशी गाडी थांबवलीस, इंजिन बंद केलं नाहीस. तो उतरला, तू उतरली नाहीस. मला काच खाली होईल असं वाटलं होतं. नाही झाली. पण तू वळणापर्यंत गाडी अगदी सावकाश नेलीस, तेही मी बघितलं.

तो वाढलाय. पुढचे दात मोठे आलेत, बोलताना ते आधी दिसतात. पहिल्या दिवशी माझ्याशी पाहुण्यासारखा बोलला. दुसऱ्या दिवशी दोघं हात-गुडघ्यांवर आलो, मान डावीकडे, मान उजवीकडे. त्याचा कोपर वाकायला लागला की तो दात-ओठ आवळतो आणि घाम फुटतो त्याला. युवेन, एवढंसं करायला त्याला केवढी ताकद लागते. मी त्याला दोन वर्षं "आळशी" म्हणत आलो. मग तो म्हणाला, "आगोंग, तुझे गुडघे फटाक्यासारखे वाजतात." म्हटलं, घाबरलास? म्हणाला, "नाही. तुझेच आहेत, मला माहितीय ना."

रविवारी दोघांचं छान झालं. खिडकीपर्यंत जाऊन परत आलो. तो पुढे होता.

काल मात्र सकाळीच तोंड वाकडं. "केंद्रात तेच, आईकडे तेच, इथे पण तेच. मला नाही करायचं." तू लिहिलं होतंस, ओरडायचं नाही. ओरडलो नाही. पण समजवायला हवं होतं, तेही केलं नाही. ओहोटी होती, होड्या कालवं घेऊन येत होत्या, आणि तो म्हणाला, "आगोंग, चल ना." इतक्या महिन्यांनी कोणी मला चल म्हटलं. मी गेलो. दिवसभर किनाऱ्यावर होतो. तो चिखलात गुडघाभर गेला, खेकड्यांमागे पळाला, दोनदा पडला आणि स्वतः उठला. मला इतकं बरं वाटत होतं की व्यायामाची आठवण येऊनही मी ती मागे सारली.

सात वाजता आम्ही जेवायला बसलो होतो. फोन वाजला. "झाला का?"

तुला सांगतो, जिभेच्या टोकावर तयार होतं, "झाला की." दोन शब्द. तुला कळलं नसतं. पोराला डोळा मारला असता तर तोही हो म्हणाला असता. तो जेवायच्या काड्या तोंडात धरून माझ्याकडे बघत होता, आता आगोंग काय म्हणतो म्हणून. मला शेवटची अट आठवत होती, दोनदा अधोरेखित. पण ती खोटं बोलण्याची होती आणि मला वाटत होतं की खरं बोललो तरी तू येशीलच. अजून सहा दिवस होते. ते सहा दिवस मला हवे होते.

मी म्हटलं, "नाही झाला. तो नको म्हणाला आणि मला मोह झाला. किनाऱ्यावर नेलं."

मला तुझा श्वास ऐकू येत होता. मी मनात त्याची पिशवी भरायलासुद्धा घेतली, कपडे दोरीवरून काढायचे, वहाणा धुवायच्या. मग तू म्हणालीस, "बरं. उद्या करा."

आणि फोन ठेवलास. मी तसाच बसलो. आ-यान म्हणाला, "आई येतेय?" म्हटलं, नाही. म्हणाला, "मग तू रडतोस कशाला? मासा गार होतोय."

आज सकाळी केला. न कुरकुरता, दोघांनी. पंधरा मिनिटं.

नाही, खरं लिहितो. अकरा.

बाबा